एकाच पुड्याची दोन लेकरं

माझी नात सहा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला ताप आला म्हणून सुनेबरोबर मीही दवाखान्यात गेले होते. ताप साधाच निघाला. पण तिला काट्यावर उभं केल्यावर डॉक्टर तिच्यासमोरच सुनेला म्हणाले, "वजन जास्त आहे हिचं. खाणं कमी करा." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. रात्री मटकीची उसळ होती, तिच्या आवडीची, तरी तिने दुसरी पोळी घेतली नाही. झोपताना माझ्या कुशीत शिरून विचारलं, "आजी, मी जाड आहे का गं?"

मी २८ वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात. हजारो मुलांची वजनं माझ्यासमोर झाली. तरीही या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचलं नाही.

आमच्या अंगणवाडीत आढ्याला साल्टर काटा टांगलेला असायचा. कापडी झोळीत ठेवलं की मूल किंचाळायचं, काटा थरथरायचा आणि आई मुलाकडे न बघता काट्याकडे बघत राहायची. वजन वाढलेलं नसलं की घरी तिला ऐकावं लागायचं, "दिवसभर करतेस काय?" आता माझी सून शहरातल्या दवाखान्यातून मान खाली घालून बाहेर पडली, तेव्हा मला त्या बाया आठवल्या. मुलाचं वजन कमी भरो की जास्त, दोष आईच्याच पदरात पडतो. मूल ज्या घरात, ज्या गल्लीत, ज्या दुकानासमोर वाढतं, त्याला कुणी काही विचारत नाही. हे लिहायला बसले ते त्यासाठी.

बाळसं हा शब्द आपण किती मायेने उच्चारतो. बाळसं धरलं म्हणून दृष्ट काढतो, बाळसं उतरलं म्हणून हळहळतो. त्या मायेला मी नावं ठेवणार नाही. "आजारपणात झिजायला अंगावर काहीतरी हवं," असं माझी आई म्हणायची आणि तिच्या काळात ते खरंच होतं. गोवरात आणि हगवणीत मुलं हातची गेलेली त्या पिढीने पाहिली होती. अंगावरचं मांस हाच त्यांचा विमा होता. मात्र पुढे आम्ही त्याचा सोहळा केला. सुदृढ बालक स्पर्धा मी स्वतः भरवल्या आहेत. नियमांत लसीकरण असायचं, उंची असायची, स्वच्छताही असायची, पण पंचांची नजर गालांवर जायची आणि बक्षीस बहुतेकदा सगळ्यात गुबगुबीत बाळाला मिळायचं. त्या अंगणात हडकुळं पण ठणठणीत लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आयांचे चेहरे मला आजही आठवतात. त्यांना आम्ही चुकीचं काहीतरी शिकवून घरी पाठवलं.

गुबगुबीत बाळाचं चित्र आईच्या मनावर काय परिणाम करतं, हे कायद्याला मात्र फार पूर्वी कळलं होतं. १९९२च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या आणि खाण्याच्या डब्यांवर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला बंदी घातली. २००३च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या अशा सगळ्या पदार्थांच्या जाहिरातीही बंद झाल्या. मूल दोन वर्षांचं झालं, की मात्र ते ताब्यात घ्यायला बाजार मोकळा आहे.

आता वजनाबद्दल. यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरी माहीत असत्या, तर निम्मी रडारड थांबली असती. तीन किलोचं जन्मलेलं बाळ पाच-सहा महिन्यांत दुप्पट होतं आणि वर्षाचं होईपर्यंत तिप्पट. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो, आणि पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते, ती उतरायलाच हवी. नेमकं तेव्हाच आई म्हणू लागते, "हल्ली खातच नाही." मग वाटी घेऊन मागे धावणं, तोंड दाबून भरवणं, आणि आता मोबाइल. पडद्याकडे बघत मूल तोंड उघडतं, घास आत जातो, पोट भरलेलं त्याला कळतच नाही. चिऊचा घास, काऊचा घास भरवताना निदान मूल आपल्याकडे बघत असायचं, मान फिरवली की पुरे झालं हे आपल्याला कळायचं. ती फिरवलेली मान म्हणजे मुलाचं पोट सांगत असतं. ते दोन-तीन वर्षं ऐकलं नाही, की पोट सांगायचं थांबतं.

दुसरी गोष्ट अशी. उंचीच्या मानाने मूल सगळ्यात सडपातळ दिसतं ते साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमाराला. गाल ओसरतात, बरगड्या दिसायला लागतात. हा वाढीचा नैसर्गिक टप्पा आहे. पण नेमकं याच वयात आजी-आजोबांना मूल 'वाळलेलं' वाटतं आणि घरात पावडरींचे डबे येतात. या डब्यांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणण्याला अन्नसुरक्षा कायद्यात आधारच नाही, म्हणून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासकट अशी पेयं त्या नावाखालून काढायला सांगितली. तोवर दोन-तीन पिढ्या ती आरोग्य समजून पीत आल्या.

तिसरी गोष्ट मला नोकरीच्या उत्तरार्धात कळली आणि माझा विचार पुरता बदलला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांनी इथल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव बरेच लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला लुकडं, आतून चरबी राखून असलेलं शरीर. डॉ. याज्ञिक त्याला 'थिन-फॅट' म्हणतात. दिल्लीत जन्मापासून ज्यांची नोंद ठेवली होती अशा तरुणांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या ज्यांना विशी-तिशीतच मधुमेह झाला किंवा त्याच्या उंबरठ्यावर जे आले, ते पहिल्या दोन वर्षांत बारीक होते आणि नंतर त्यांची वजनाची रेघ सतत वर चढत गेलेली होती. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं.

म्हणजे ज्या वयात सगळे म्हणत होते "आता छान अंग धरलंय", त्याच वयात मधुमेहाचा पाया घातला जात होता. एका दिवसाच्या एका आकड्यात ते दिसत नाही. त्यासाठी वाढीचा तक्ता लागतो, त्यावर महिन्या-महिन्याचे ठिपके लागतात, वजनाइतकीच उंचीही लागते, आणि ती रेघ कुठे वळते आहे हे बघणारा माणूस लागतो. "हे तक्ते गोऱ्या मुलांवरून काढलेले, आपली मुलं मुळातच बारकी" असं मी अनेकदा ऐकलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी २००६ मध्ये जे तक्ते दिले, त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती आणि त्यांत दिल्लीची मुलंही होती. नीट खायला-प्यायला मिळालं तर आपलं लेकरूही तेवढंच वाढतं. पाच वर्षांनंतरसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते आहेत. त्यांत जास्त वजनाची रेघ मुद्दाम खाली ओढलेली आहे, कारण आपली शरीरं कमी वजनातही आजाराकडे झुकतात. माझ्या नातीचं वजन त्या रेघेच्या वर आहे, हे डॉक्टरांचं म्हणणं खरंच होतं. पण आधीचे ठिपके त्यांनी मागितले नाहीत, उंची मोजली नाही, घरी काय शिजतं, ती किती वाजता झोपते, खेळते कुठे, यातलं काही विचारलं नाही. आणि जे बोलायचं ते तिच्यासमोर बोलले.

आता त्या पुड्याकडे येते.

नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत डोंगरातल्या प्रत्येक वाडीवरच्या दुकानात रंगीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या. आत चटकदार कुरकुरीत काहीतरी किंवा क्रीमची बिस्किटं, किंमत पाच रुपये. भातलावणीच्या दिवसांत आई पहाटेच घराबाहेर पडते. थोरल्या बहिणीच्या हातावर पाच रुपये ठेवून जाते, धाकटा रडला तर दे म्हणून. अकरा वाजता पोर अंगणवाडीत येतं तेव्हा त्याची बोटं नारिंगी झालेली असतात. सेविका सांगायच्या, "मॅडम, पोरं खिचडीला हात लावत नाहीत." कशी लावतील? तीन वर्षांच्या मुलाचं पोट केवढंसं. मीठ, तेल, साखर आणि मैद्याने ते एकदा भरलं, की वरण, भाजी, अंडं यांना जागा उरत नाही. मूल उपाशी नसतं, पण त्याच्या रक्ताला लोह मिळत नाही, हाडांना काही मिळत नाही, उंची खुंटते. आमच्या रजिस्टरवर ते कमी वजनाचं म्हणून लागतं.

निवृत्त होऊन मी मुलाकडे राहायला आले. इथे संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसले की तोच पुडा, तेच चित्र. फक्त इथलं मूल पुडा खाऊन वर घरी जेवतंही, खेळायला त्याला जागा नाही आणि दहापर्यंत ते जागं असतं. एकाच्या अंगाला तो पुडा लागत नाही, दुसऱ्याच्या अंगाला नको तिथे लागतो.

म्हणूनच "राज्यात कुपोषण असताना लठ्ठपणाच्या गोष्टी म्हणजे श्रीमंतांची चैन" हे मला पटत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी. त्याच पाहणीत जास्त वजनाची मुलं ४.१ टक्के होती, आधीच्या पाहणीत ती १.९ टक्के होती. आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. हा शेवटचा आकडा बघितला की गरीब-श्रीमंत हा भेद पुसट होतो. गुबगुबीत गालांच्या कितीतरी मुलांच्या पापण्या आतून पांढऱ्या असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. युनिसेफच्या २०२५च्या अहवालात तर पाच ते एकोणीस वयोगटात जगभर लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच पुढे गेलेलं दिसलं, ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. आपल्याकडे दोन्ही ओझी एकाच वेळी आहेत, आणि बऱ्याचदा एकाच माणसाच्या आयुष्यात: पोटात असताना अपुरं पोषण, पुढे पुड्यांवरची वाढ.

माझ्या मुलाचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "आई, शेवटी पैसे आपणच देतो ना? नाही म्हणायला शिकायला हवं." त्यात तथ्य आहे. आम्ही नाही म्हणतोच. पण शाळेच्या फाटकाबाहेर, मूल भुकेलं असताना, चारचौघांत, रोज नाही म्हणावं लागतं. पुड्यावर मुलांचे लाडके कार्टून छापणारी माणसं पगार घेऊन आमचं ते 'नाही' मोडायचं काम करतात. आणि लावणीला गेलेल्या त्या आईला मी काय सांगू? पाच रुपयांत अंडं येत नाही, पुडा येतो.

अंड्यावरून आठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं. मला फार आनंद झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकसहभागातून अंडी द्यावीत असं सांगितलं. ज्या वाडीवर शाळेचं छप्पर गळतं तिथे लोकसहभागातून अंडी कुठून येणार? या निर्णयाचं मला अजूनही दुःख होतं. मुलाच्या ताटातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरीव घास आपण काढून घेतला.

नियम नाहीत असं नाही. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असं २०२०चं केंद्रीय विनियमन सांगतं. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना कुठल्या पदार्थात किती साखर आहे हे दाखवणारे फलक लावायला सांगितलं. चांगलं आहे, पण ते वाचता येणाऱ्या आणि फलकाखाली उभं राहायला वेळ असणाऱ्या मुलांसाठी आहे. आमच्या वाडीवरच्या आजीला इंग्रजीतली बारीक छपाई वाचता येत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे पुढे नाचणीचं कणीस छापलेल्या बिस्किटाच्या मागे पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते मैद्याचंच बिस्किट, हे तिला कोण सांगणार? चिलीने २०१६ पासून अशा पुड्यांच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोन छापायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त. न शिकलेल्या बाईलाही काळा ठसा कळतो. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२च्या मसुद्यात मात्र पुड्यावर चांदण्या सुचवल्या गेल्या. भरपूर साखर असली तरी त्यात थोडा सुकामेवा, थोडं भरडधान्य घातलं की चांदणी वाढणार. चांदणी तर मुलाला वहीवर बाई देतात, छान केलंस म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुड्यांवरच्या इशाऱ्यांबद्दल शिफारशी करायला मुदत घालून दिली. मला काळा ठसा हवा आहे, मराठीत, पुढच्या बाजूला, पाच रुपयांच्या पुड्यावरसुद्धा. आणि दोन वर्षांच्या मुलापर्यंत येऊन थांबलेली जाहिरातबंदी निदान सातवी-आठवीच्या वयापर्यंत न्यायला हवी.

घरात आम्ही काय केलं तेही सांगते, कारण सगळं सरकारवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. वजन हा शब्द नातीसमोर काढायचा नाही, असं ठरवलं. काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं, हे मोठ्यांचं काम. किती खायचं हे तिचं. ताट संपवायची सक्ती बंद आणि "पुरे आता" म्हणणंही बंद. नियम सगळ्यांना सारखा केला, म्हणजे मुलाचं रात्रीचं फरसाणही गेलं. त्याला जड गेलं, पण एकट्या पोरीच्या ताटावर पहारा ठेवणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. चार वाजता घरात धिरडं, थालीपीठ, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी तयार असतं. जेवण आठला आणि झोप साडेनऊला. झोपेचा परिणाम सगळ्यात आधी दिसला. उशिरा झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी गोड मागतं, हे मी इतक्या वर्षांत कधी लक्षात घेतलं नव्हतं.

खेळाचं तेवढं जमलं नाही. पाच वर्षांपुढच्या मुलाने रोज निदान तासभर दमेपर्यंत खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या सोसायटीत मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात आणि भिंतीवर चेंडू खेळण्यास मनाई आहे. मी तिला घेऊन जिने चढते, शनिवारी टेकडीवर जाते. पण माझे गुडघे आणि तिचे पाय यांचा मेळ फार वेळ बसत नाही.

त्या रात्री मी तिला एवढंच म्हणाले, "ते मोठ्यांशी बोलत होते, राणी. ते आमचं आम्ही बघू. तुझं पोट भरलंय का?" ती नाही म्हणाली. मी उठून उसळ गरम केली आणि पोळी वाढली.

गेल्या महिन्यात मुलाने आणि मी तिच्या शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत टेप धरला. २२ मीटर भरले. शाळेने सांगितलं, फाटकाबाहेरचं आमच्याकडे नाही. एका कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी दुसऱ्याकडे पाठवला. येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा म्हणून १७ पालकांच्या सह्या जमल्या आहेत. टपरीवाल्या ताईंनाही बोलावलं आहे. त्यांचं पोट त्या टपरीवर आहे, त्यांना उठवायचं नाही. त्यांनी केळी, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याच्या वड्या आणि उकडलेली अंडी ठेवावीत, आणि पहिल्या दोन महिन्यांत जो माल खपणार नाही तो आम्ही पालक विकत घेऊ, असं लिहून द्यायला नऊजण तयार झाले आहेत. बाकीच्या आठांशी मी या रविवारी बोलणार आहे.